दोन हजार रुपयांची तडजोड

जुलै १८८८ मध्ये दादाजी भिकाजी यांनी दोन हजार रुपये स्वीकारले आणि रखमाबाईंवर सांगितलेला नवरेपणाचा हक्क सोडून दिला. चार वर्षं मुंबई उच्च न्यायालयात लढला गेलेला, पुण्यापासून लंडनपर्यंतच्या वर्तमानपत्रांत गाजलेला दावा असा मिटला.

ही हकिकत बहुतेकांना तुकड्यातुकड्यांनी ठाऊक असते, म्हणून आधी सरळ सांगतो. रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा. वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. हे डॉक्टर ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे, १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्यांपैकी एक. अकराव्या वर्षी रखमाबाईंचं लग्न दादाजींशी लागलं, पण त्या नांदायला गेल्या नाहीत. गिरगावात, सावत्र वडिलांच्या घरी, वाचत-शिकत वाढल्या. १८८४ मध्ये दादाजींनी बायको ताब्यात मिळावी म्हणून दावा लावला. कायद्याच्या भाषेत त्याला वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना म्हणतात. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला. जी दोघं कधी एकत्र राहिलीच नाहीत त्यांना पुन्हा एकत्र कसं आणायचं, आणि एका तरुण बाईला तिच्या मनाविरुद्ध पुरुषाच्या हवाली करणं हा रानटीपणा होईल, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. एप्रिल १८८६ मध्ये सरन्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट आणि न्या. बेली यांनी अपिलात तो निकाल फिरवला. ४ मार्च १८८७ रोजी न्या. फॅरन यांनी हुकूम दिला, की महिन्याभरात नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. टिळकांच्या ‘केसरी’ने त्यांच्याविरुद्ध लिहिलं. बेहरामजी मलबारी आणि इतर सुधारक त्यांच्या मागे उभे राहिले. आणि मग ही तडजोड झाली.

राणी व्हिक्टोरियाने लग्नच रद्द केलं, अशी एक गोष्ट अजून सांगितली जाते. ती ऐकायला बरी वाटते, पण सुटका झाली ती दोन हजारांनी. १९०४ मध्ये दादाजी वारले तेव्हा रखमाबाईंनी वैधव्याची पांढरी साडी नेसली. लग्न खरंच रद्द झालं असतं तर त्यांना विधवा व्हावं लागलं नसतं.

या तडजोडीकडे पाहण्याच्या दोन रीती आहेत आणि दोन्ही मला गंभीरपणे घ्याव्याशा वाटतात. म्हणून त्या दोन माणसांच्या तोंडी देतो. मामा गिरगावचे, धोबीतलावच्या स्मॉल कॉजेस कोर्टात त्यांनी हयातभर घरमालक-भाडेकरूंचे दावे चालवले. भाची लालबागची, गिरणी कामगाराची मुलगी, शाळेत इतिहास शिकवते. माणसं आणि संवाद माझे. त्यातला कायदा आणि इतिहास खरा आहे.

भाची: मामा, वर्गात हा खटला शिकवताना पिन्ही, सार्जंट, फॅरनपर्यंत मुलं जीव टाकून ऐकतात. मग मी दोन हजार रुपये म्हणते आणि वर्ग थंड पडतो. मुली विचारतात, बाई, मग जिंकलं कोण?

मामा: रखमाबाई जिंकल्या म्हणून सांग. १८८९ मध्ये त्या लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन आल्या, सुरतेला आणि राजकोटला त्यांनी बायकांच्या दवाखान्यांत आयुष्य घातलं. हे सगळं त्या तडजोडीनंतरचं. खटला चालूच राहिला असता तर त्यांची वीस ते तीस ही वर्षं कोर्टाच्या पायऱ्यांवर गेली असती.

भाची: त्यांचं आयुष्य मार्गी लागलं, हे मला मान्य आहे. मी विचारते ते पुढच्या मुलीचं. तिच्यासाठी कायद्यात काय उरलं? पिन्हींचा निकाल फिरवलेला होता, म्हणजे तो दाखवून उपयोग नाही. सार्जंटचा निकाल उभा, फॅरनचा हुकूम उभा. वर अपील चाललं असतं तर कदाचित तो पडला असता. तडजोड झाली आणि तो तसाच राहिला.

मामा: कदाचित म्हणालीस ना, तिथेच माझं बोट आहे. अगं, १८६७ मध्ये मुन्शी बुझलूर रहीम विरुद्ध शमसुन्निसा बेगम या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने सांगून टाकलं होतं, की नवऱ्याला असा दावा लावता येतो. ते प्रकरण मुसलमान दांपत्याचं होतं, पण हिंदूंच्या बाबतीत कौन्सिल वेगळं काही म्हणेल असा भरवसा कुठला वकील देणार? रखमाबाईंच्या बाजूला काशिनाथ त्र्यंबक तेलंगांसारखा माणूस होता. त्यांना हे कळत नव्हतं असं नाही. वर जाऊन हरल्या असत्या तर मुंबई इलाख्यापुरता असलेला वाईट निकाल साऱ्या हिंदुस्थानच्या बायकांच्या माथी बसला असता. निकाल मागणारी माणसं नेहमी जिंकलेल्या निकालाचं चित्र डोळ्यांपुढे ठेवतात. हरलेला निकालही कायदाच होतो.

भाची: हे मी धरलं नव्हतं. तरी एक राहतं. पैसे कोणी कोणाला दिले? जिच्यावर अन्याय झाला तिने, अन्याय करणाऱ्याला. स्वतःच्या शरीरावरचा स्वतःचा हक्क तिला विकत घ्यावा लागला. याला तुम्ही समेट म्हणता?

मामा: खंडणी म्हण हवं तर. मी भांडणार नाही. पण ती द्यायची की तुरुंगात जायचं हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? तिचाच ना? दिवाणी दाव्याचं मूळ तत्त्वच ते आहे, की दावा पक्षकारांचा असतो. न्यायाधीशाचा नाही, वकिलाचा नाही, वर्तमानपत्रांचा तर नाहीच.

इथे मला मामांच्या बाजूने बोलायचं आहे. रखमाबाईंनी तुरुंगात जायला हवं होतं, असं वाटणारे त्या काळी होते आणि आजही वाचताना आपल्या मनात ते कुठेतरी येतं. तिच्या तुरुंगवासातून आपल्याला एक देखणा प्रसंग मिळाला असता. सहा महिने मात्र तिने काढायचे होते.

भाची: पण मामा, तुम्ही वकील लोक तडजोडीचं एवढं कौतुक करता, त्यात मला एक धार्मिकपणा दिसतो. मिटलं की चांगलं. कसं मिटलं ते कोणी विचारत नाही.

मामा: धार्मिकपणा म्हणालीस म्हणून सांगतो. आमच्या स्मॉल कॉजेस कोर्टात विलायतेहून आलेला एक तरुण बॅरिस्टर उलटतपासणीला उभा राहिला आणि त्याला शब्द फुटेना. ममीबाईचा दावा, तीस रुपये फी. त्याने फी परत केली आणि खाली बसला. तो मोहनदास गांधी. हाच माणूस पुढे प्रिटोरियात दादा अब्दुल्ला आणि तय्यब शेठ यांचं भांडण लवादाकडे नेतो. निवाडा दादा अब्दुल्लांच्या बाजूने होतो, सदतीस हजार पौंड आणि खर्च. एकरकमी मागितले तर तय्यब शेठचं दिवाळं निघतं, म्हणून हा आपल्याच अशिलाची मनधरणी करून लांब मुदतीचे हप्ते करून घेतो. वकिलाचं खरं काम काय ते मला त्या दिवशी कळलं, असं त्यांनी आत्मकथेत सांगितलं आहे. नंतर १९०२ मध्ये त्यांनी आपल्या गिरगावातच घर घेतलं होतं, वकिली करायला.

भाची: दोन श्रीमंत व्यापारी, एकमेकांचे नातलग, दोघांकडे बॅरिस्टर. त्यांची तडजोड छानच होणार. तुमच्या अशिलांचं सांगा. घरमालकाकडे वेळ आहे, पैसा आहे. भाडेकरूकडे दहा बाय बाराची खोली आणि दमलेली माणसं. वीस वर्षं तारखा पडतात. मूळ भाडेकरू जातो, त्याची बायको जाते, मुलाच्या नावे वारसनोंद होते. मग एक दिवस मालकाचा माणूस येतो, एवढे घ्या आणि खोली खाली करा. तो मुलगा सही करतो आणि विरारला किंवा बदलापूरला जातो. कागदावर लिहिलेलं असतं, राजीखुशीने. मामा, ती राजीखुशी नाही, तो थकवा आहे.

मामा: (थोडं थांबून) थकवा आहे, खरं आहे. पण कायदा अगदीच आंधळा नाही. भाडे नियंत्रणाखालच्या जागेत भाडेकरू नुसता हो म्हणाला म्हणून ताब्याचा हुकूम देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये नागीनदास रामदास प्रकरणात आपल्या जुन्या मुंबई भाडे कायद्यावरच हे सांगितलं. कायद्यात दिलेल्या कारणांपैकी एखादं कारण आहे, असं न्यायालयाला कागदपत्रांवरून किंवा कबुलीवरून दिसलं पाहिजे. शिवाय दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश २३, नियम ३ वाच. तडजोड कायदेशीर आहे याची खात्री न्यायालयाने करायची असते. दबावाखाली किंवा फसवून घेतलेली सही कायदेशीर धरली जात नाही.

भाची: दिवसाला बोर्डावर कितीतरी प्रकरणं असलेला न्यायाधीश ही खात्री कशी करतो? अटी वाचल्या का, समजल्या का, सही तुमचीच का. पक्षकार मान हलवतो.

मामा: चांगला न्यायाधीश मराठीत विचारतो, कागद बाजूला ठेवून विचारतो. काही जण तर पक्षकाराला पुढे बोलावून, वकिलांना गप्प बसवून विचारतात. मी असे पाहिले आहेत. सगळे तसे नसतात.

भाचीच्या या मुद्द्याला मामांजवळ पुरेसं उत्तर नाही, आणि माझ्याजवळही नाही. अमेरिकेत ओवेन फिस नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकाने १९८४ मध्ये हेच मांडलं होतं. दोन बाजूंचं बळ सारखं नसेल तर गरीब माणूस लवकर आणि कमी पैशांत मिटवतो, कारण त्याला वाट पाहणं परवडत नाही. त्या लेखावर पुष्कळ वाद झाले. गिरगावातल्या एखाद्या चाळीत वाढलेल्याला मात्र तो वाद घालायची गरज पडत नाही. तिथे दाव्याचं वय माणसांच्या वयासारखंच मोजतात.

मामा: तू विलंबाला दोष देतेस आणि तो तडजोडीच्या खात्यावर टाकतेस. निकाल वेळेवर लागू लागले तर तडजोडीही चांगल्या होतील. आता माझ्या बाजूचं एक ऐक. भावाबहिणींचा दावा घे. खोली आईच्या नावावर, आई गेली. धाकटा तिच्याजवळ राहत होता, थोरला डोंबिवलीला. चाळ पुनर्विकासाला गेली आणि भाडेपावती कोणाच्या नावावर यावर सगळं आलं. निकाल लागला तर तो एकाला खोली देईल आणि दुसऱ्याला शून्य. न्यायाधीशापुढे प्रश्न तेवढाच असतो. तडजोडीत मी असं लिहून घेऊ शकतो, की घर धाकट्याचं, थोरल्याला इतके पैसे इतक्या हप्त्यांत, बहिणीला आईचे दागिने, आणि गणपती धाकट्याकडे बसेल पण पाच दिवस सगळी भावंडं तिथे येतील. संहितेच्या १९७६ च्या दुरुस्तीनंतर दाव्याच्या विषयाबाहेरच्या गोष्टीही तडजोडीत घेता येतात. गणपतीचं कलम कुठल्या न्यायाधीशाने निकालात घातलं असतं? आणि भांडण अर्ध्याहून अधिक त्याच्यावरच असतं.

भाची: बहिणीला आईचे दागिने. नेहमी दागिनेच का हो मामा? घरातला वाटा का नाही? १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला. त्यानंतरही हक्कसोडपत्रावर सह्या कोण करतं? बहिणी. कोणी धमकावलेलं नसतं. माहेर तुटू नये, भावाने दिवाळीला दारात उभं करावं, एवढ्यासाठी ती सही असते. तुमच्या कायद्याच्या व्याख्येत हा दबाव बसतो?

मामा: नाही बसत.

भाची: मग त्या सहीवर न्यायालय राजीखुशीचा शिक्का मारतं आणि आपण सगळे म्हणतो, घरातल्या घरात मिटलं.

मामा: असं बघ, मी एवढं करत आलो. बहिणीला बाजूला बसवून सांगायचो, ताई, तुमचा वाटा एवढा होतो, आजच्या भावाने त्याचे एवढे पैसे होतात, आता हे सोडायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आकडा कळल्यावरही सोडला, तर ती तिची माया. आकडाच न सांगता सोडवून घेतला, तर ती चोरी. वकील म्हणून माझ्या हातात तेवढंच होतं.

भाची: ते तरी किती जण करतात?

मामा: करायला हवं.

तडजोड झाल्यावर पुढे काय, हे बहुतेक कुटुंबांना ठाऊक नसतं आणि त्यातच ती फसतात. म्हणून मामांना इथे थोडं सविस्तर बोलू देतो.

मामा: सगळ्यात मोठी चूक कुठे होते माहीत आहे? बाहेर बोलणी होतात, समोरचा म्हणतो, दावा आधी काढून घ्या, मग पैसे देतो. हा बिचारा पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, देतो, की पक्षकारांत समेट झाला, सबब दावा काढून घेत आहे. न्यायालय दावा निकाली काढतं. पुढे समोरचा शब्द फिरवतो. आता जुन्या कारणावर पुन्हा दावा लावता येत नाही, कारण आदेश २३, नियम १ प्रमाणे परवानगीशिवाय काढून घेतलेला दावा कायमचा गेला. हातात काही कागद असेल तर त्या करारावर नवा दावा लावायचा, म्हणजे पुन्हा पहिल्या पायरीवर. कागदच नसेल तर तेही नाही.

भाची: मग करायचं काय?

मामा: कन्सेंट टर्म्स. अटी लिहायच्या, दोन्ही पक्षकारांनी सह्या करायच्या, न्यायाधीशापुढे ठेवायच्या आणि त्याप्रमाणे हुकूमनामा मागायचा. मग तो दावा नुसता मिटत नाही, त्याला दात येतात. पैसे चुकले की थेट अंमलबजावणीची दरखास्त, आणि तिला बारा वर्षांची मुदत. पण लक्षात ठेव, त्या हुकूमनाम्यावर अपील नाही. तडजोड रद्द करा म्हणून वेगळा दावाही नाही. फसवणूक झाली असेल तर ज्या न्यायालयाने तो दिला त्याच्याकडेच अर्ज करायचा. पुष्पादेवी भगत प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ सांगितलं. म्हणून सही करण्याआधी एक रात्र कागद घरी ठेवायचा, असं मी प्रत्येक अशिलाला सांगायचो.

भाची: आणि वकिलाने परस्पर सही केली तर?

मामा: चालते. बायराम पेस्तनजी गारीवाला विरुद्ध युनियन बँक, आपल्या मुंबईचंच प्रकरण, १९९१ चा निकाल. वकिलाला अशिलाच्या वतीने तडजोडीवर सही करता येते असं ठरलं. कायद्याने चालतं, मला कधी रुचलं नाही. ज्याचं घर जाणार आहे त्याचा हात कागदावर फिरलाच पाहिजे. आणखी एक सांगतो. लोकअदालतीत मिटवलंत तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि तिथल्या निवाड्याला हुकूमनाम्याचीच ताकद असते.

भाची: दुसऱ्याच्या सहीवरून आठवलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात बाबा होते. कामगार दत्ता सामंतांच्या मागे होते. पण मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६ म्हणायचा, की बोलणी करण्याचा आणि करारावर सही करण्याचा हक्क नोंदलेल्या प्रातिनिधिक संघटनेला. त्या संघटनेवर संपकऱ्यांचा विश्वास नव्हता. म्हणजे ज्यांच्याशी तडजोड व्हायला हवी होती त्यांना कायद्याने बोलताच येत नव्हतं आणि ज्यांना बोलता येत होतं त्यांचं कामगार ऐकत नव्हते. तो संप अधिकृतपणे कधी मागेही घेतला गेला नाही. मामा, आमच्या घराने तडजोड न होण्याची किंमतही मोजली आहे. म्हणून मी तडजोडीच्या विरुद्ध आहे असं समजू नका. माझा प्रश्न एवढाच, की सही कोणाची आणि परिणाम कोणावर.

मामा: हा प्रश्न दिवाणी कायद्यालाही पडलेला आहे. अज्ञान मुलाच्या वतीने तडजोड करायची तर आदेश ३२, नियम ७ खाली न्यायालयाची परवानगी लागते. पालक असला तरी. एक जण अनेकांच्या वतीने दावा लढत असेल तर त्यालाही आदेश २३, नियम ३-ब खाली परवानगी लागते, आणि ज्यांचं हित गुंतलं आहे त्यांना आधी नोटीस जाते.

भाची: अज्ञान मुलाच्या दोनशे रुपयांच्या तडजोडीला परवानगी लागते. अकरा वर्षांच्या मुलीच्या लग्नाला लागत नव्हती.

मामा यावर काही बोलत नाहीत. ते बोलतील असं मी लिहून पाहिलं, पण कुठलंच वाक्य टिकलं नाही.

भाची: म्हणजे बघा, कायद्यालाच मान्य आहे, की काही दावे एका माणसाचे नसतात. रखमाबाईंचा दावा कागदावर एकटीचा होता. प्रत्यक्षात १८८५ मध्ये त्यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘हिंदू लेडी’ या नावाने पत्रं लिहिली तेव्हाच तो सगळ्या बालविवाहित मुलींचा झाला होता.

मामा: दावा नाही झाला. प्रश्न झाला. या दोन गोष्टी मी वेगळ्या ठेवीन. दावा तिचा होता, तिने मिटवला. प्रश्न तिच्या मालकीचा नव्हताच, म्हणून तो तिला मिटवताही येत नव्हता. आणि प्रश्न सगळ्यांचा असेल तर न्यायालय काय करतं त्याचंही उदाहरण आहे. शीला बारसे, मुंबईच्या पत्रकार. तुरुंगात डांबलेल्या मुलांसाठी त्यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. वर्षं गेली, सरकारांकडून माहिती येईना, तारखा पडत राहिल्या. वैतागून त्यांनी याचिका मागे घेण्याची परवानगी मागितली. न्यायालयाने ती दिली नाही. जनहित याचिका करणारा तिचा मालक नसतो, असं म्हणून त्यांचं नाव याचिकेतून काढलं आणि प्रकरण कायदेशीर मदत समितीकडे सोपवून पुढे चालवलं. ऑगस्ट १९८८.

भाची: १८८८ नंतर बरोबर शंभर वर्षांनी.

मामा: तो योगायोग. पण फरक पाहा. शीला बारसे थकल्या तर त्यांना जाता आलं आणि मुलांचं प्रकरण मागे राहिलं. रखमाबाईंना हा मार्गच नव्हता. त्या थकल्या असत्या तर सगळंच थांबलं असतं. आणि थकण्याचा हक्क त्यांना होता.

भाची: मग मला सांगा, त्या प्रश्नाचं पुढे झालं काय? नवऱ्याकडे गेली नाही म्हणून बायकोला तुरुंगात टाकण्याची तरतूद कधी गेली?

मामा: १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने ती न्यायाधीशाच्या मर्जीवर ठेवली. १९२३ च्या दुरुस्तीने काढून टाकली.

भाची: पस्तीस वर्षं. आणि मूळ दावा?

मामा: तो आजही आहे. हिंदू विवाह कायद्याचं कलम ९. तुरुंग नाही, पण हुकूम मोडला तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. १९८३ मध्ये आंध्र उच्च न्यायालयाने टी. सरिता प्रकरणात ते घटनाबाह्य ठरवलं. पुढच्याच वर्षी सरोज राणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. २०१९ मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांनी त्याला पुन्हा सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं.

भाची: पाहा! तुमच्या तडजोडीने हा प्रश्न सव्वाशे वर्षांहून जास्त लांबला.

मामा: तडजोडीने नाही. नीट पाहा, बदल कुठून आले. १९२३ चा बदल विधिमंडळातून. १९५५ चा हिंदू विवाह कायदा संसदेतून, त्याच वर्षी २५ सप्टेंबरला रखमाबाई गेल्या. कलम १३-ब, परस्पर संमतीने घटस्फोट, १९७६ च्या दुरुस्तीतून. आज वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात कलम ९ चा अर्ज येतो, समुपदेशक दोघांना बसवतो आणि पुष्कळदा गाडी १३-ब वर जाते. कन्सेंट टर्म्स होतात आणि दोघंही मोकळी होतात. रखमाबाईंनी दोन हजार दिले तेव्हा काही जातींच्या रूढीतला काडीमोड सोडला, तर हिंदू बाईला असं दारच नव्हतं. दादाजींना कायद्याने दुसरी बायको करता येत होती. यांना मात्र आणखी सोळा वर्षं त्यांचीच बायको म्हणून राहावं लागलं. कमी पडली ती तडजोड नाही, तिच्यामागचा कायदा कमी पडला. आणि तो निकालांनी भरून काढला नाही, विधिमंडळांनी काढला.

भाची: पण विधिमंडळांपर्यंत हे पोचलं कशामुळे? कोणीतरी चार वर्षं न मिटवता उभं राहिलं म्हणून. १८९१ चा संमतिवयाचा कायदा या खटल्याच्या गदारोळाशिवाय झाला असता का?

मामा: चार वर्षं उभी राहिली, हे मी विसरत नाही. पाचवं वर्ष तिच्याकडे मागायला मी तयार नाही, एवढंच.

भाची: मीही तिच्याकडे मागत नाही. १८८८ पासून १९२३ पर्यंत तिच्या बाजूने लेख लिहिणाऱ्यांनी आणि सभा भरवणाऱ्यांनी काय केलं, ते विचारते. पुढच्या आठवड्यात मुलांना तेच शोधायला सांगणार आहे. जुन्या कायद्यांची पुस्तकं तुमच्याकडे आहेत ना?

मामा: १९०८ ची संहिता आहे, वडिलांची. पानं सुटली आहेत, जपून ने.